लेकीचं भाडं

खोली बांधायची, फ्लॅट घ्यायचा किंवा भाडेकरू ठेवायचा असं कोणाच्या डोक्यात आलं की आमच्या पाम गावच्या आजूबाजूची माणसं माझ्याकडे येतात. मी चौथी शिकलेला, आणि चौथीचा निकाल बघायलाही गेलो नव्हतो, कारण त्या दिवशी वाडीत झाडांना पाणी धरायची आमची पाळी होती. तरी बँकेत काम करणारे, शाळेत शिकवणारे लोक माझ्या ओट्यावर बसून चहा पितात आणि मी सांगतो ते ऐकतात. याचा मला अभिमान आहे. नसता तर लिहायला बसलोच नसतो.

मी त्यांना सांगतो, जागा बघायला दलालाबरोबर जाऊ नका. एकटे जा, आणि पाणी यायच्या वेळेला जा. ऑफिसात बसलेला माणूस चकचकीत कागद दाखवील, पण टँकरला पाइप लावून उभी असलेली बाई खरं सांगेल. जागा पावसाळ्यात बघा, उन्हाळ्यात सगळ्याच भिंती कोरड्या असतात. सातबारा स्वतः काढा, दुसऱ्याने काढून दिलेला घेऊ नका. जमीन बिनशेती झाली आहे का, इमारतीला भोगवटा दाखला मिळाला आहे का, हे विचारताना लाजू नका. समोरचा चिडला तर समजा की दाखला नाही. आमच्या भागात आणखी एक बघावं लागतं. जमीन मुळात आदिवासी खातेदाराची असेल तर ती कितीही स्वस्त मिळो, हात लावायचा नाही. कायद्यानेही नाही आणि माणुसकीनेही नाही. बाहेरून आलेल्या एका शहाण्याने तसली जमीन भलत्याच्या नावावर घेतली होती. त्याने घातलेलं तारेचं कुंपण अजून उभं आहे, आत शेळ्या चरतात.

खोल्या बांधणाऱ्याला सांगतो, संडासाची टाकी विहिरीपासून लांब घे आणि पत्र्याचा उतार आपल्याच जागेत सोड, नाहीतर शेजाऱ्याशी जन्माचं वैर. प्रत्येक खोलीला वेगळा मीटर बसव. आणि मग शेवटी सांगतो, नातेवाईकाला भाड्याने खोली देऊ नकोस. "द्यायची तर फुकट दे, नाय तर देऊच नको," असं मी म्हणतो. हे वाक्य आलं की बायको आत उठून जाते.

ते वाक्य मी कुठे शिकलो ते कोणाला सांगितलेलं नाही.

आमची वाडी चिकूची. थोडे माड, थोडी केळी, मध्ये भाजी. तारापूरला कारखाने वाढत गेले तशी बोईसरला माणसं येऊ लागली. बिहारची, उत्तर प्रदेशाची, ओरिसाची. राहायला जागा नाही. रस्त्याकडच्या पट्टीतले चिकू पाडून मी पहिल्या चार खोल्या बांधल्या. गवंडी एकच होता, बाकी विटा मी आणि बायकोने वाहिल्या. नंतर समोरची ओळ बांधली. वरती पत्रे, खाली कोबा, पण प्रत्येक खोलीला मागेपुढे खिडकी. लोक म्हणाले, भाडेकरूला दोन खिडक्या कशाला? मी म्हटलं, माणूस आहे, कोंबडी नाही.

भाडं घ्यायची माझी एक पद्धत आहे. पहिल्या तारखेला मी दारोदार जातो. कोणी भाडं घेऊन माझ्या ओट्यावर आलं तरी मी घेत नाही, "दाराशी येतो" म्हणतो. मालकाने महिन्यातून एकदा दार बघितलं पाहिजे. दारात उभं राहिलं की आत ओल आली आहे का, पंखा कसा आवाज करतो, आजारी कोण आहे, सगळं न विचारता कळतं. आणि एकही दार सोडायचं नाही. एक सोडलं की पुढच्या महिन्यात तीन सुटतात. हे मी स्वतःच लोकांना सांगत आलो.

माझी मुलगी केळव्याकडे दिली होती. माणसं चांगली, त्यांचीही वाडी. तिचा नवरा कामावरून येताना रस्त्यात गेला. एक मुलगी पदरात. सासरच्यांनी हाकललं नाही, पण दिराचं घर, दिराच्या बायकोचं राज्य. वर्ष सरताच ती मुलीला घेऊन आमच्याकडे आली आणि बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली.

पहिले काही महिने ती घरात राहिली. घर मोठं आहे, पण गॅस एक आणि त्याच्याशी दोन बायका. माझी सून वाईट नाही. माझी मुलगीही वाईट नाही. पण डबा कोणी आधी भरायचा, आंघोळीला पहिलं पाणी कोणाचं, पोरीने दुधाचा पेला कुठे ठेवला, असल्या गोष्टींचा आवाज भांड्यांतून येऊ लागला. एका रविवारी मी वाडीत नारळ सोलत होतो, तिथे मुलगी आली.

"बाबा, चाळीतली कोपऱ्याची खोली खाली झाली ना?"

"झाली. का?"

"मला द्या."

मला बरंच वाटलं. कोपऱ्याची खोली सगळ्यात चांगली, संध्याकाळचा वारा तिथे येतो. म्हटलं, "घे की. विचारायचं काय त्यात? आज चुना मारून देतो."

"भाड्याने द्या. बाकीचे देतात तेवढंच भाडं."

माझा कोयता हातात राहिला. मी हसलो. मला वाटलं मस्करी करते.

"बाय, डोकं फिरलं काय तुझं? बापाच्या खोलीचं भाडं देतात काय?"

"देतात की. मी देईन."

"आमी मुलीच्या घरचं पाणी पीत नाय, आणि तुझा पगार खाऊ?"

"खाऊ नका. भाडं घ्या. खाणं येगळं, भाडं येगळं."

आमच्या लोकांत हे असंच आहे. मुलगी दिली की तिच्या घरचं काही घ्यायचं नाही. माझे वडील माझ्या बहिणीकडे जायचे तेव्हा पाण्याची बाटली बरोबर नेत, आणि जेवायची वेळ झाली की उठत. बहीण रडायची, ते उठायचेच. आता पोरं हसतात याला. हसू देत. मुलीला द्यायचं असतं, मुलीकडून घ्यायचं नसतं, हे मला कोणी शाळेत शिकवलेलं नाही, म्हणून ते विसरताही येत नाही.

ती राहायला गेली. भाड्याचं मी काही कबूल केलं नव्हतं, तिने मात्र ते कबूल धरलं होतं.

पहिली तारीख आली. मी निघालो. एकेक दार करत कोपऱ्याशी आलो तर ती दारात उभी, कामाचे कपडे घातलेले, हातात नोटा घडी करून. नात पाठीमागून बघत होती. मी नातीला म्हटलं, "काय गं, शाळेत नाय गेली?" आणि तसाच पुढच्या ओळीला वळलो. मागे वळून बघितलं नाही. पण शेजारच्या खोलीतली बाई, बॉयलरवर काम करणाऱ्याची बायको, सगळं बघत होती.

दुसऱ्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यात ती माझ्या पाठोपाठ चालत आली. सगळे भाडेकरू दारात होते, रविवार होता. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर तिने नोटा ठेवल्या, वर दगड ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "कोपऱ्याच्या खोलीचं भाडं."

मी त्या उचलल्या नाहीत. तीही परत घेऊन गेली नाही. दुपारपर्यंत पैसे तिथेच. चाळीत एवढी माणसं, पोरंटोरं, पण कोणी हात लावला नाही. पाणी भरायला आलेल्या बायका कळशी ठेवताना ते बाजूने चुकवत होत्या. शेवटी बायको जाऊन घेऊन आली.

"काय करू याचं?"

"तिला परत दे."

"ती घेत नाय."

"मंग देवळात टाक."

बायकोने खरंच देवळातल्या पेटीत टाकले. मुलीला कळलं तेव्हा ती आईला म्हणाली, "म्हंजे मी देवाची भाडेकरू हाय काय? त्याला सांग मंग, पत्रा गळतोय."

पत्रा गळत नव्हता. पण बोलायला ती माझ्यावर गेली आहे.

पुढच्याच महिन्यात त्याचं फळ दिसलं. एक भाडेकरू होता, लेथवर काम करायचा, चांगला गमत्या माणूस. मी त्याच्या दाराशी गेलो तर हात जोडून म्हणाला, "चाचा, इस महीने हमको भी बेटी समझ लो."

सगळी चाळ हसली. माझी मुलगी नळाशी होती. ती हसली नाही आणि मीही नाही.

संध्याकाळी मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. तो कधी आवाज चढवत नाही. म्हणाला, "बाबा, घ्या ना तिच्याकडून. तिलाच द्यायचंय. तुमी घ्या आणि नंतर नातीच्या नावावर ठेवा, कोणाला कळतंय?"

"तिला कळेल."

"मंग कळू दे."

"आणि तुला बरं वाटेल? बहिणीच्या भाड्यावर तुझा बाप जेवतो म्हणून?"

त्याला काय वाटत होतं ते मी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

बायकोने नातीच्या नावावर ठेवायची गोष्ट मुलीला जाऊन सांगितली. ती म्हणाली, "आई, मंग ते भाडं कसलं? तो खेळ झाला."

त्यानंतर ती स्वतः आली. मी ओट्यावर होतो. ती पायरीवर बसली, लहानपणी बसायची तशी, पाय पोटाशी घेऊन.

"बाबा, सगळ्या चाळीत मीच एकटी अशी हाय, जिला मालक कधीपण 'ऊठ' म्हणू शकतो. बाकीच्यांनी भाडं दिलंय. महिनाभर तरी त्यांचा हक्क हाय."

"मी तुला ऊठ म्हणेन?"

"तुमी नाय म्हणणार. तुमच्या नंतर?"

"तुझा भाऊ तसला नाय."

"नाय. पण त्याची पोरं मोठी होतील. त्यांच्या बायका येतील. त्यांना काय ठाऊक, आत्या कशी राहिली ती? फुकट राहिली म्हणतील. आताच तो लेथवाला म्हणाला ना."

"मृत्युपत्रात लिहितो. खोली तुझी म्हणून लिहितो."

"मला तुमच्या मेल्यावरचं नको. मला आताचं पायजे. आताचं भाडं घ्या."

लोक म्हणतील, खोली तिच्या नावावर करून मोकळं व्हायचं. मलाही सुचलं होतं ते, मी वेडा नाही. पण सगळ्या चाळीचा सातबारा एक, त्यातला एक कोपरा तोडून कोणाचं नाव लागत नाही. आणि कागद हा नंतरचा भाग झाला. ती मागत होती ते साधं होतं. पहिल्या तारखेला मी तिच्या दाराशी थांबावं आणि हात पुढे करावा. एवढंच. मी हात पुढे करायचा प्रयत्न केला नाही असं नाही. चौथ्या की पाचव्या महिन्यात दाराशी थांबलो होतो. तिच्या बोटांना पॅकिंगच्या पट्ट्यांनी कापलेलं होतं, त्यावर चिकटपट्टी होती. त्या बोटांतून पैसे घ्यायचे? माझा हात वर आला नाही. मी पंख्याचं विचारलं आणि पुढे गेलो.

त्याच महिन्यात तिने खोली सोडली.

गेली कुठे? लांब नाही. मोठ्या रस्त्याला लागून दुसऱ्या एकाची चाळ आहे. त्याला मी ओळखतो, लहानपणी एका शाळेत होतो. त्याच्या खोल्यांना खिडकी एकच, तीही भिंतीकडे तोंड करून. पाण्याचे वेगळे पैसे, संडासाला रांग. मी लोकांना सांगतो कसं बांधू नये, तेव्हा मनात त्याचीच चाळ असते. माझी मुलगी तिथे भाडं भरून राहू लागली. सामान हलवायला मुलगाच टेम्पो घेऊन गेला. नातीने सायकल स्वतः चालवत नेली. मी वाडीत होतो. वाडीत माझं त्या दिवशी काही काम नव्हतं.

तो चाळवाला मला बाजारात भेटला. बोंबील घेत होता. मला बघून मुद्दाम थांबला.

"काय रे, तुझी पोर भाडं कशी देते म्हायतंय? तारखेच्या आधी. बाकीच्यांना मी तिचा दाखला देतो. बापाची शिस्त हाय, दुसरं काय!"

मी म्हटलं, "तुझ्या मागच्या भिंतीला ओल हाय. ती बघ आधी." आणि निघालो. ओल आहे हे मला कसं ठाऊक? रस्त्यावरून जाताना मी त्या भिंतीकडे रोज बघायचो.

कोपऱ्याची खोली मी कोणाला दिली नाही. विचारायला खूप आले. "चाचा, कमरा खाली है क्या?" मी म्हणायचो, "खाली नहीं है. बेटी का है." कुलूप असलेली खोली खाली नाही हे त्यांना पटायचं नाही, पण म्हाताऱ्याशी वाद कोण घालणार? मी लोकांना सांगतो, खोली रिकामी ठेवू नका, कमी भाड्याने द्या पण द्या. बंद खोलीला वाळवी पहिली येते आणि पत्र्याच्या खिळ्यांना गंज चढतो. माणसाच्या श्वासाने घर टिकतं. हे सगळं ठाऊक असून मी तिला कुलूप लावून ठेवली.

मुलगी घरी यायची, असं समजू नका की तुटलं. सणाला यायची, आईला बरं नसलं की यायची. माझ्या पाया पडायची. नात माझ्याकडून चिकू घेऊन जायची. पण ती पाहुणी आल्यासारखी यायची, आणि निघताना तिची आई दरवेळी पिशवीत तांदूळ, नारळ, केळी भरायची. ती सगळं घ्यायची. माझ्याकडून घ्यायला तिची कधीच ना नव्हती. द्यायची मात्र वाट मी बंद केली होती, असं बायको म्हणते. मला तसं वाटत नाही. मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. फक्त ती गेली हे खरं आहे.

असा काही काळ गेला. पालघर जिल्हा झाला त्याला तोवर बरीच वर्षं झाली होती, तिकडे इमारतींची दाटी होत चालली होती, आणि माझ्याकडे येणारे लोक आता चाळीचं विचारत नव्हते, फ्लॅटचं विचारत होते. सातपाटीची एक कोळीण वर्षानुवर्षं आमच्याकडे मासळी घेऊन येते. तिचं तोंड तिच्या टोपलीपेक्षा मोठं. एका सकाळी ओट्यावर टोपली उतरवता उतरवताच म्हणाली,

"काय भाऊ, पोरीनं पालघरला जागा घेतली आणि पेढं नाय आमाला?"

बायको ताटली घेऊन आली होती, ती तिथेच थांबली.

"कोणाच्या पोरीनं?" मी म्हटलं.

"आता घ्या! तुमच्या पोरीनं. माझी भाची त्याच बिल्डिंगीत खाली राहते ना. चांगली जागा हाय म्हणं. तुमीच बघून दिली असाल, तुमच्याशिवाय कोण बघणार?"

मी म्हटलं, "हो, मीच बघितली."

बायकोने त्या दिवशी पापलेट न घेता नुसती कोलंबी घेतली आणि भाव केला नाही. कोळीण गेल्यावर ती मला म्हणाली, "मला म्हायत होतं. तिनं सांगू नको म्हटलेलं."

गावातली माणसं मला विचारून जागा घेतात. माझ्या मुलीने कर्ज काढून, कागद करून, किल्ली हातात घेऊन झाल्यावर मला मासळीवालीकडून कळलं. त्या दिवशी एक शिक्षक आले होते, बोईसरच्या फ्लॅटचं विचारायला. मी त्यांना म्हटलं, आज मला काही सुचत नाही, उद्या या.

मग ती बोलवायला आली. पूजा नव्हती, काही नव्हतं, नुसतं "आईला आणि तुमाला जागा दाखवायचीय" म्हणाली. आम्ही गाडीने पालघरला उतरलो, तिथून रिक्षा. इमारत तीन मजली, लिफ्ट नाही, तिची जागा दुसऱ्या मजल्यावर. मी जिना चढताना कठडा हलवून बघितला, पक्का होता. जागा एवढीशी. एक खोली, स्वयंपाकघर, बाहेर कपडे वाळत घालायला पुरती गॅलरी. नातीने तिच्या अभ्यासाचा कोपरा दाखवला.

मी सवयीने फिरलो. नळ सोडून बघितला. खिडकीच्या चौकटीखाली बोट फिरवलं. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. न्हाणीघराच्या वर, कोपऱ्यात, पिवळट डाग दिसला, हाताएवढा. वरच्या मजल्यावरचं पाणी. असला डाग म्हणजे दोन पावसाळ्यांत प्लास्टर खाली. बायको माझ्या डोळ्यांकडे बघत होती. तिने नकळत मान हलवली, बोलू नका म्हणून.

"कशी हाय जागा?" मुलीने विचारलं.

"चांगली हाय."

"एवढंच?"

"चांगल्या जागेला आणखी काय म्हणतात?"

ती हसली. "बाबा, तो डाग बघून तुमी दोनदा वर बघितलं. बोलत का नाय?"

मी बंद केलेला नळ पुन्हा घट्ट केला.

"हात लावून बघा."

मी स्टुलावर चढलो नाही, नातीने हात लावला. "कोरडं आहे, आजोबा."

"जुना डाग हाय," मुलगी म्हणाली. "मी वरच्या बाईला जाऊन भेटले. तिच्या न्हाणीची लादी फुटलेली. तिनं ती बदलली, मंगच मी बयाणा दिला. रंग नंतर काढीन, पैसे आले की."

मला हे सुचलं नसतं. मी डाग बघून जागाच नको म्हटली असती. वरच्या बाईकडे जाऊन तिची लादी बदलून घ्यायची, हे मी आयुष्यात कोणाला सांगितलेलं नाही.

"मला का नाय विचारलंस?" शेवटी मी म्हटलंच. "सगळं गाव विचारतं."

"तुमी पैसे दिले असते."

"दिले असते."

"म्हणून."

ती चहा ठेवायला आत गेली. बायको तिच्या पाठोपाठ गेली. नातीने मला गॅलरीत नेऊन लांबचं पाणी भरलेलं शेत दाखवलं. आतून मुलगी ओरडून म्हणाली, "बाबा, आता आईला घेऊन राहायला या कधीतरी. चार दिस."

"मुलीच्या घरी राहतात काय?"

"मंग भाड्याने राहा! अकरा महिन्यांचा करार करू. तुमच्याकडून आगाऊ घेईन, तुमी काय भरवशाचे नाय."

आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. नातही हसली. मला हसता आलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं, असं नंतर बायको म्हणाली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "हसायला पायजे होतं तुमी. पोरीनं हसायसाठीच म्हटलेलं." चहा मी घेतला नव्हता, तो तिने नातीला दिला होता.

घरी येऊन मुलाला म्हटलं, "कोपऱ्याची खोली देऊन टाक आता."

"बायला नको ठेवायला?"

"तिला तिचं घर हाय."

पण खोली देणं सोपं राहिलं नव्हतं. कामगारांनाही आता पत्र्याखाली राहायला नको. दोघे-तिघे मिळून फ्लॅट घेतात भाड्याने, फरशी पाहिजे, आत संडास पाहिजे. काही महिन्यांनी एक जोडपं आलं, लग्न होऊन थोडेच दिवस झालेले दिसत होते. तो नवीन कामाला लागला होता. मी कुलूप उघडलं. बाई आत गेली आणि लगेच ओलीच्या वासाने नाकाला पदर लावून बाहेर आली.

"सीलन है, चाचा."

"है," मी म्हटलं.

"कब से बंद है?"

मी सांगितलं, बरीच वर्षं. खोटं सांगून खोली देता आली असती. चुना मारून, उदबत्ती लावून चार दिवसांनी दाखवली असती तर कळलंही नसतं. तो बिचारा म्हणाला, "साफ कर लेंगे," पण तिचं मन नव्हतं. तिने हळूच त्याला रस्त्यापलीकडची इमारत दाखवली. तिथे एक जागा भाड्याला होती, त्यांनी चौकशी केली होती, पण कोणाला विचारावं ते कळत नव्हतं.

"चाचा, वो वाला कैसा रहेगा?" तो मला विचारत होता. माझ्याच दारात उभा राहून.

मी कुलूप लावलं आणि त्यांच्याबरोबर रस्ता ओलांडला. पहिला मजला होता. तिला सांगितलं, स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोड. त्याला भिंतीला हात लावायला लावला. खिडकी उघडून खाली बघितलं, गटार झाकलेलं होतं. मालकाच्या माणसाला विचारलं, करार लिहून देणार का, पावती देणार का. तो हो म्हणाला. मी ती बाई नळाखाली हात धरून उभी होती तिकडे बघितलं. पाण्याला जोर चांगला होता.

"ले लो, बेटी," मी म्हटलं. "और किराया हर महीने हाथ में देना. रसीद माँगना."